मिस केतकीचा सूर

जुनी फिल्म मरायला लागली की आधी वास येतो. आपल्या आई-वडिलांच्या काळातली असेल तर व्हिनेगरचा, म्हणजे मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडावी तसा. त्याहून जुनी असेल तर पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या मोज्यांचा. दिल्लीतल्या एका सरकारी फिल्म-भांडारात मी अख्खी नोकरी या दोन वासांत काढली. संध्याकाळी घरी आले की आमचे हे दारातच नाक मुरडून विचारायचे, "आज काय, लोणचं की मोजे?"

माझं काम काय, हे आमच्या सोसायटीतल्या बायकांना कधीच नीट कळलं नाही. "आप फिल्मों में हैं?" म्हणून आधी डोळे विस्फारायचे आणि मग माझ्या सुती साडीकडे बघून गप्प व्हायच्या. तर सरळ सांगते. फिल्म म्हणजे एक लांब पट्टी. तिच्यावर ओळीनं चित्रं आणि कडेला भोकं. या भोकांत यंत्राचे दात अडकतात आणि पट्टी पुढे सरकते. वय झालं की पट्टी आक्रसते, भोकं फाटतात, गुंडाळीचे पदर एकमेकांना चिकटतात. ते सोडवायचे, पुसायचे, फाटलेलं सांधायचं आणि एकेका चित्राची नवी प्रत काढायची. थोडक्यात, रफूचं काम. फक्त कापड असं की जोरात फुंकर मारली तरी तुकडा पडेल.

आणि या कामाचा पहिला नियम असा की जे आहे ते ठेवायचं. आपल्या मनानं घालायचं नाही, काढायचं नाही.

या नियमापायी मी काही माणसं नाराज केली. कॅन्टोन्मेंटमधले एक रिटायर्ड सुभेदार होते, साताऱ्याकडचे. त्यांच्या रेजिमेंटमधल्या कुस्तीची छोटी फिल्म कुणा साहेबानं काढली होती, ती घेऊन आले. नातवंडांना दाखवायची होती. मी साफ करून लावली. सुभेदार छातीवर हात बांधून उभे राहिले. पडद्यावरचा तरणाबांड पैलवान सुरुवातीला भारी पडत होता, पण शेवटी उताणा पडला तो तोच. सुभेदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, एवढं शेवटचं कापता येईल का? पोरांना मी जिंकलो म्हणून सांगितलंय."

"कापता येत नाही, सुभेदारसाहेब. पण दाखवताना तुम्ही आधीच बंद करू शकता."

त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. पुढच्या दिवाळीला घरी कंदी पेढे आले.

पण आज सांगायचंय ते विजयाताईंबद्दल, खरं तर त्यांच्या आईबद्दल.

विजयाताई दिल्लीच्याच द्वारका भागातून मेट्रोनं एकट्या आल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. झोळीतून त्यांनी एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. पुरुषी फेटा, कमरेला तलवार आणि कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवून हसणारी वीस-बावीस वर्षांची मुलगी. त्या काळात फोटोत इतकं मोकळं कुणी हसत नसे.

"ही माझी आई. मूकपटात काम करायची. मिस केतकी या नावानं."

खरं नाव गोदावरी. माहेर वाईजवळ, कृष्णेकाठी. वडिलांनी पाठीला भोपळा बांधून नदीत ढकललं तेव्हा पाच वर्षांची होती, आणि सातव्या वर्षी पुलावरून सूर मारायला लागली होती म्हणे. पुण्याकडच्या एका सिनेमा कंपनीला घोड्यावर बसणारी, तलवार फिरवणारी मुलगी हवी होती. भल्या घरच्या मुली तयार नव्हत्या. गोदावरी तयार होती. काही वर्षं तिनं पडदा गाजवला. तिच्या नावावर गावोगावी तंबू भरायचे. मग बोलपट आले. तिला मायक्रोफोनसमोर उभं केलं. आवाज बसका निघाला आणि हिंदीत वाईची कृष्णा वाहत होती. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही तोंड उघडलं नाहीत तोवर राणी होतात."

त्यानंतर लग्न झालं. नवरा केंद्र सरकारात कारकून, म्हणून दिल्ली. जिला हिंदी येत नाही म्हणून सिनेमातून काढलं, तिचा उरलेला जन्म दिल्लीत गेला.

"हिंदी शेवटपर्यंत आली नाही हो," विजयाताई हसत म्हणाल्या. "भाजीवाल्याला विचारायची, 'भैया, ये भेंडी जून है क्या?' तो म्हणायचा, 'नहीं माताजी, जुलाई की है.'"

आम्ही दोघी हसलो. मग त्या एकदम गंभीर झाल्या.

त्यांची आई एक गोष्ट नेहमी सांगायची. एका चित्रपटात नायिका शत्रूच्या हातून निसटून किल्ल्याच्या बुरुजावरून खालच्या डोहात उडी घेते. कंपनीनं त्यासाठी एका तालीमबाजाला लुगडं नेसवून उभं केलं होतं. तो वर गेला, खाली बघितलं आणि खाली बसला. मग आई म्हणाली, सरका, आणि तिनं सूर मारला. ही गोष्ट घरात कुणालाच खरी वाटत नसे. वडील हसायचे, भाऊ नक्कल करायचे. जेवढी ती म्हातारी होत गेली तेवढा तो बुरुज उंच होत गेला.

"माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते," विजयाताई म्हणाल्या. "आई त्यांना बुरुजाचं सांगायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, आई, पुरे आता. ती गप्प झाली. त्यानंतर पाच-सहा वर्षं होती, पण ती गोष्ट तिनं पुन्हा कधी सांगितली नाही. मला फक्त एवढंच बघायचंय, की तिनं उडी मारली होती का."

आपले मूकपट जवळपास सगळेच गेले आहेत. काही जळले, काही सडले, काहींच्या लेपातली चांदी काढून घेऊन पट्ट्या फेकून दिल्या. मी आमचं सगळं भांडार धुंडाळलं. मिस केतकीचा एकही तुकडा नव्हता. मी फोन करून तसं सांगितलं.

"सापडली नाही, की नाहीच?" त्यांनी विचारलं.

"सापडली नाही."

"मग मी थांबते."

त्या थांबल्या, आणि दर संक्रांतीला माझ्यासाठी तिळाच्या वड्या पाठवत राहिल्या. चौकशी कधी केली नाही. वड्या हीच चौकशी.

माझ्या रिटायरमेंटचं शेवटचं वर्ष सुरू होतं, तेव्हा पानिपतहून एक फोन आला. बत्राजी नावाचे गृहस्थ, ब्लँकेटचा कारखाना. त्यांच्या आजोबांनी फाळणीनंतर पानिपतात एक बंद पडलेलं थिएटर घेतलं होतं. आता ते पाडून गोडाऊन बांधायचं चाललं होतं. माळ्यावर पत्र्याचे डबे निघाले.

"मॅडम, इनमें से बदबू आ रही है."

"कैसी? सिरके जैसी?"

"नहीं जी. जैसे मेरे बेटे के जुराब."

मी खुर्चीवरून उठलेच. मोज्यांचा वास म्हणजे नायट्रेटची फिल्म. सिनेमाच्या पहिल्या काळात हीच वापरत. दिसायला सुंदर, पण बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. तापली तर आपोआप पेटते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. आणि बाहेर जेठ महिना होता, म्हणजे उत्तरेतला ऐन उन्हाळा. दिल्ली-पानिपतचा रस्ता तव्यासारखा तापलेला.

आमचे साहेब, सक्सेनाजी, भला माणूस, पण नायट्रेट म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. "मॅडम, रिटायरमेंट सिर पर है. अब शांति से जाइए ना."

"सर, शांति से ही जाना है. मूक फिल्म होगी."

ते हसले आणि तिथेच हरले. अट घातली की डबे मुख्य इमारतीत येणार नाहीत, मागच्या सुट्या खोलीत ठेवायचे आणि दाराशी आग विझवायची सोय. मी बिल्कुल म्हटलं.

पानिपतला पोचले. बत्राजींनी डबे कारखान्यातल्या सर्वांत थंड खोलीत हलवले होते, पण तीही काही फार थंड नव्हती. डब्यांना हात लावला तर कोमट. उघडायची हिंमत नव्हती आणि तिथे ठेवायचीही. असली फिल्म रेल्वेनं नेता येत नाही. साध्या गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे वेडेपणा. मी विचार करत बसले होते, तेवढ्यात बत्राजींच्या पत्नीनं लस्सी आणली आणि म्हणाल्या, "हमारे जेठजी का पनीर रोज़ दिल्ली जाता है. ठंडी गाड़ी में."

झालं! मिस केतकी पानिपतहून दिल्लीला बत्राजींच्या थोरल्या भावाच्या पनीरच्या गाडीतून आली. डबे कोरड्या कापडात गुंडाळून पनीरच्या क्रेटांमध्ये बसवले, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर धरमपाल, पांढऱ्या मिशांचा. निघायच्या आधी त्यानं विचारलं, "मॅडम जी, ये फिलम है कि बम?"

"ठंडी रही तो फिल्म."

त्यानं खिशातलं विड्यांचं बंडल काढून बत्राजींच्या हातात ठेवलं आणि दिल्लीपर्यंत एकदाही ब्रेक जोरात मारला नाही.

मागच्या खोलीत डबे उघडले. बहुतेक रिळांची पूड झाली होती. त्या तपकिरी पुडीकडे बघताना काय वाटतं ते सांगता येत नाही. कुणीतरी उन्हात उभं राहून घोडे दौडवले, रडले, हसले, आणि त्याची ही तपकीर. पण दोन रिळं जिवंत होती. त्यांतल्या एकाच्या सुरुवातीला पांढरी अक्षरं होती. चित्रपटाचं नाव अर्धं गेलेलं, त्याखाली मात्र स्पष्ट: मिस केतकी.

मी विजयाताईंना लगेच कळवलं नाही. रीळ चिकटलेलं होतं, हातात किती उरेल याचा भरवसा नव्हता. मध्ये त्यांच्या मुलीचा सहज फोन आला, तेव्हा कळलं की ताईंची नजर जात चाललीय. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं. ताईंनी मागून फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अगं, समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. माणसं कानांवरून ओळखायला लागलेय."

मग मात्र मी घाई केली, म्हणजे या कामात जेवढी करता येते तेवढी. घाई म्हणजे फक्त इतकंच की जेवणाचा डबा उभ्यानं खायचा. आतला पदर सोडवताना श्वास रोखायचा. आक्रसलेली पट्टी कुठल्याच यंत्राच्या दातांत बसेना, म्हणून एकेक चित्र हातानं सरकवून उतरवलं.

आणि एका दुपारी बुरुज आला.

कॅमेरा नदीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे तट, वर एक ठिपक्याएवढी आकृती. आकृती धावत येते, हात जोडल्यासारखे पुढे करते आणि सूर मारते. पाणी उसळतं. मग ती पाण्यातून वर येते आणि हात मारत थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं पोहत येते. जवळ, अजून जवळ. पडदाभर चेहरा होईपर्यंत. मिस केतकी. डोळ्यांवरचे केस मागे सारते, हसते, काहीतरी बोलते. तिथे रीळ संपतं. एरवी हे हसणं-बोलणं कापून टाकलं असतं. या प्रतीत ते शेपूट कुणाच्या तरी हातून राहून गेलं होतं.

आता माझ्या धंद्यातला कळीचा प्रश्न: मध्ये जोड आहे का? उडी एकानं मारली आणि चेहरा दुसरीचा, अशी चलाखी तेव्हाही करत. पण तशी केली की दोन तुकडे जोडावे लागतात आणि चित्राच्या कडेला केसाएवढी रेघ उमटते. मी भिंग लावून बुरुजापासून चेहऱ्यापर्यंतचं प्रत्येक चित्र तपासलं. नंतर सक्सेनाजींना बोलावून त्यांच्याकडून तपासून घेतलं. कुठेही रेघ नव्हती. सगळं एका दमात टिपलेलं. जिनं उडी मारली तीच पोहत आली होती.

"पानी के नीचे बदल गई हो तो?" सक्सेनाजींनी मिश्कीलपणे विचारलं.

"तर मग ती दुसरी बाई पाण्याखाली शूटिंगभर थांबली होती. तिलाही पद्मश्री द्या."

एक काम उरलं होतं. मूकपटातली माणसं दुडूदुडू पळतात, असं आपल्याला वाटतं. ती पळत नाहीत, आपण त्यांना पळवतो. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, जरा संथ. आजच्या वेगानं लावलं की सगळे बाहुल्या होतात. मग खरा वेग कसा शोधायचा? मला त्या उडीनंच मदत केली. वरून पडणारं माणूस कुणाचं ऐकत नाही, ते आपल्या वेगानंच पडतं. उसळलेलं पाणीही तसंच. ती खऱ्यासारखी पडेपर्यंत मी वेग कमी-जास्त करत राहिले. जमलं तेव्हा तो आकडा मी डब्यावर लिहून टाकला.

मग विजयाताईंना फोन केला. म्हटलं, "सापडली."

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "कुठली साडी नेसू?"

कार्यालयानं मध्य दिल्लीतल्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. हॉल भरला. दिल्लीतली मराठी मंडळी होती, विद्यापीठाजवळच्या मुनिरक्याहून विद्यार्थी आले होते, पानिपतहून बत्रा कुटुंब आणि कडक इस्त्रीच्या कुर्त्यात धरमपाल. मी माझ्या सासूबाईंनाही घेऊन गेले होते. तरुणपणी विषमज्वरात त्यांचं ऐकणं गेलं. ओठांवरून बोलणं वाचतात, तेही फक्त मराठी. हिंदी मालिका लागली की म्हणतात, "काय पुटपुटतात मेले." एरवी सिनेमाला येत नाहीत. मी लिहून दाखवलं की यात कुणालाच काही ऐकू येत नाही, तेव्हा खूश होऊन निघाल्या.

विजयाताई मोतिया रंगाची साडी नेसून आल्या. त्यांना मी रांगेच्या टोकाला, जरा तिरकं बसवलं, म्हणजे नजरेच्या कडेनं पडदा दिसेल. सोबतीला तबला-हार्मोनियम ठरवलं होतं, पण वादक धौला कुआँच्या जाममध्ये अडकले. शेवटी संगीताशिवायच सुरू केलं. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

पडद्यावर बाग. नायक नायिकेचा हात धरून आकाशाकडे बघतोय. नायिका मान वळवून त्याला काहीतरी लाडिक सांगतेय. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात:

"अगं सुनंदा, ती म्हणतेय, 'पाय काढ मेल्या, लुगड्यावर उभा आहेस!'"

हॉल असा काही हसला की छत उडेल. सासूबाईंना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्या आपल्या डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या.

इतके महिने मी त्या ओठांची धूळ पुसत होते, पण ते काय बोलताहेत हे वाचणारं माणूस माझ्याच घरात आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मूकपटात काय बोलायचं याला बंधन नव्हतं, आणि गोदावरी आपली मराठी बोलत होती. मी सासूबाईंचा हात धरून खूण केली, बोला, मोठ्यानं बोला. मग त्या बोलत गेल्या. घोड्याला ती म्हणाली, "चल रे राजा." शत्रूच्या सरदाराला म्हणाली, "हळू धर, हात दुखतोय." आता कुणी हसत नव्हतं. सगळा हॉल माझ्या सासूबाईंच्या तोंडून मिस केतकीला ऐकत होता. जो आवाज बसका म्हणून नाकारला होता, त्यासाठी लोक श्वास रोखून बसले होते.

बुरुज आला. आकृती धावली.

"हलतंय काहीतरी वर," विजयाताई पुटपुटल्या. मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसले.

"ताई, ती आई. आता."

तिनं सूर मारला. विजयाताईंची मान वरून खाली वळली, अगदी त्या वेगानं. त्यांनी पाहिलं. नजरेच्या कडेनं का होईना, पाहिलं. आकृती पोहत आली, पडदाभर झाली.

"मला तोंड दिसत नाहीये," त्या माझा हात दाबत म्हणाल्या. "तीच आहे ना? मध्ये काही जोडलेलं नाही ना?"

"कुठेही जोड नाही, ताई. तीच."

पडद्यावर गोदावरीनं केस मागे सारले, सरळ आमच्याकडे बघून हसली आणि ओठ हलले. हॉलच्या मधल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द:

"नीट आलं का? नाहीतर पुन्हा मारते."

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. विजयाताई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि फोटोतल्या त्या मुलीसारखे सगळे दात दाखवून त्या हसत होत्या. ज्या बाईंनी एकदा पाहुण्यांसमोर आईला गप्प केलं होतं, त्या भरल्या हॉलमध्ये पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून ओरडल्या,

"नीट आलं गं आई! एकदम नीट आलं. पण तू पुन्हा मार!"

मी ऑपरेटरला हात केला, आणि तिनं पुन्हा सूर मारला.